तगादा : एका सरकारी शब्दाची कुळकथा

तुमच्या घरी कधी ना कधी सरकारी शिक्क्याचा कागद आला असेलच. तो हातात पडला की घरातील बोलणे क्षणभर थांबते. कोणी म्हणते, "वाचून तर बघा", कोणी म्हणते, "असू दे, मागाहून बघू", आणि बहुधा दुसऱ्याचेच ऐकले जाते. आमच्याही घरी असेच झाले होते. प्रस्तुत लेख एका शब्दाच्या इतिहासाबद्दल आहे, परंतु त्याची सुरुवात त्या कागदापासूनच करावी लागेल.

माझ्या लहानपणी म्हसळ्याजवळच्या आमच्या वाडीवर एके दिवशी एका कचेरीचा शिपाई आला आणि नानीच्या हातात घडी घातलेला कागद देऊन, तिचा अंगठा घेऊन निघून गेला. मामू त्या वेळी बोटीवर नोकरीला होते. नानीला कुराणशरीफ वाचता येई, उर्दू अक्षर लावता येई, मराठी तर ती बाजारात दिवसभर बोले. पण मराठी अक्षर तिला वाचता येत नव्हते. मी बालवर्गात. "तगादा आलाय," एवढेच ती म्हणाली आणि तिने तो कागद पत्र्याच्या पेटीत ठेवून दिला. सात-आठ महिन्यांनी मामू रजेवर आले तेव्हा दुसरा कागद येऊन पडला होता, जप्तीचा. पेटी उघडली. रक्कम फार नव्हती. त्याहून वाईट म्हणजे ती रक्कम आधीच भरलेली होती आणि तिची पावती त्याच पेटीत, त्याच गाठोड्यात, दोन बोटे खाली होती. मामूंनी सुपारी विकून दंड आणि नोटिशीचा खर्च भरला. पहिल्याच कागदाला कोणी पावती दाखवून उत्तर दिले असते तर हे काहीच घडले नसते.

पुढे अनेक वर्षांनी तो पहिला कागद मी वाचला. त्यात थकबाकी, वसूल, कसूर, जप्ती, तारीख, इसम, मयत, वारस असे शब्द होते. तुम्हीच सांगा, यांतला कोणता शब्द नानीला ठाऊक नव्हता? मयत, वारस, बाकी, तारीख हे शब्द तर तिच्या रोजच्या बोलण्यातले. ते कोणी तिला मोठ्याने वाचून दाखविले असते तर तिला अर्थ विचारावा लागला नसता. अडले ते फक्त अक्षरापाशी. आणि ज्या शब्दाने तिने त्या कागदाचे नाव ठेवले तो 'तगादा' तर तिच्या कुराणशरीफच्या भाषेतूनच निघालेला. मग हा शब्द आला कोठून आणि इतका भीतिदायक झाला कसा, याचा शोध घेण्याची मला तेव्हापासून ओढ लागली.

मराठी कोशांत हा शब्द तगादा, तकादा, तकाजा अशा निरनिराळ्या रूपांत सापडतो. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा हा शब्द मराठीत मुरून जुना झाला होता. पुढे १९२५ साली माधव त्र्यंबक पटवर्धन, म्हणजे कवी माधव जूलियन, यांनी फार्शी-मराठी कोश तयार केला. मराठीतले असे शेकडो शब्द फारशीतून कसे आले हे ज्याला पाहायचे असेल त्याने तो कोश एकदा तरी चाळावा.

उर्दू शाळेत शिकणाऱ्या मुलांनी हा शब्द 'तकाजा' असा लिहून पाहावा. त्यात ते, दोन नुक्त्यांचा मोठा काफ आणि ज्वाद ही अक्षरे येतात. आता हेच काफ आणि ज्वाद आणखी कोणत्या शब्दांत येतात? काजी या शब्दात. नमाज वेळेवर झाली नाही आणि मागाहून अदा केली तर आपण तिला कजा म्हणतो, त्यात. 'त्याची कजा आली' असे मरणाबद्दल बोलतात, त्यात. आणि मराठी माणूस भांडणाला जो 'कज्जा' म्हणतो तोही याच कुळातला. त्याचे मूळ 'कजिया', म्हणजे काजीपुढे नेण्याजोगा वाद. या सर्वांच्या मुळाशी अरबीतला एकच अर्थ आहे : निकालात काढणे, पुरे करणे, फेडणे. काजी वाद निकालात काढतो. कजा नमाज म्हणजे राहिलेले फेडणे. आयुष्य पुरे होते तीही कजा. तेव्हा तगादा म्हणजे मुळात धमकी नव्हे. 'राहिले आहे ते पुरे करा' असे म्हणणे, एवढेच.

एक गोष्ट मात्र ध्यानात घेण्यासारखी आहे. ज्वाद हे अक्षर फारशी आणि उर्दू तोंडात 'ज' होते, म्हणून मराठीतही हजर, अर्ज, कर्ज, जामीन, जप्ती, राजी, जिल्हा असे शब्द आले. तगाद्यात मात्र त्याचा 'द' झाला. अरब लोक हे अक्षर जड 'द'सारखे उच्चारतात. आखातात नोकरी करून आलेले आपल्या गावचे लोक तिकडे 'रमदान' ऐकतात आणि घरी येऊन 'रमजान' म्हणतात. यावरून तगादा हा शब्द अरब व्यापाऱ्यांच्या गलबतांतून थेट आपल्या खाडीत उतरला असे म्हणण्याचा मोह होतो, मलाही झाला होता; पण हिंदीतही तकाजा आणि तगादा ही दोन्ही रूपे आहेत आणि तेथे कोणती खाडी नाही. असो.

मदरशात सर्फ शिकलेल्या मुलांना याहून गमतीची गोष्ट दिसेल. तकाजा हा शब्द ज्या साच्यातला आहे तो 'तफाउल'चा साचा. तआवुन म्हणजे एकमेकांस मदत, तआरुफ म्हणजे एकमेकांची ओळख. या साच्यातल्या पुष्कळ शब्दांत दोन्ही बाजू असतात. आपला मराठी 'तमाशा' हा शब्ददेखील याच साच्यातून आला, आणि त्याचा मूळ अर्थ होता बरोबर चालणे, फेरफटका मारणे! अरबीत आजही दोन पक्षांनी न्यायासाठी एकमेकांसमोर उभे राहणे याला याच धातूचे, याच साच्यातले क्रियापद वापरतात. म्हणजे मागणारा आणि ज्याच्याकडे मागायचे तो, असे दोघेही या शब्दात होते. एकाने आपले मागणे मांडायचे, दुसऱ्याने आपले उत्तर मांडायचे. हे उत्तराचे अंग वाटेत कोठे गळून पडले, ते पाहू.

आपला भाग आधी निजामशाहीत होता. १६३६ साली मोगल आणि विजापूर यांच्यात तह झाला आणि निजामशाहीचे कोकण आदिलशाहीकडे गेले. त्यानंतरही दंडा-राजपुरी आणि जंजिरा सिद्दींच्या हाती राहिले. म्हसळा हे जंजिरा संस्थानात १९४८ पर्यंत होते. नंतर कुलाबा जिल्ह्यात आले आणि १९८१ साली त्या जिल्ह्याचे नाव रायगड झाले. इतकी राज्ये बदलली, पण वसुलीच्या कागदाची भाषा फारशी बदलली नाही. फेरिश्ता हा इतिहासकार सांगतो की पहिल्या इब्राहिम आदिलशहाने सोळाव्या शतकाच्या मध्याला राज्याचे हिशेब फारशीऐवजी देशी भाषेत ठेवण्याची आज्ञा दिली. हे काम ब्राह्मण कारकुनांच्या हाती आले. कारकून मराठी, लिपी मोडी, पण हुद्दे, कराची नावे, मागण्याची आणि दंडाची भाषा फारशी-अरबी. या मिश्रणातून दफ्तराची मराठी तयार झाली. त्या काळची काही फर्माने तर एकाच कागदावर वर फारशी आणि खाली मराठी अशी लिहिलेली आहेत.

जुन्या मराठी कागदाची तारीख पाहा. 'सुहूर सन सबा सबैन व अलफ' असे लिहिलेले आढळते. शाळेत एखादा शिक्षक हे फळ्यावर लिहील तर बहुतेक मुले गोंधळतील, पण अरबी मोजणी येणारा आपला मुलगा चटकन सांगेल : सात, सत्तर आणि हजार, म्हणजे १०७७. यात ५९९ मिळवले की इसवी सन १६७६ येतो आणि जानेवारीनंतरची तारीख असेल तर ६०० मिळवायचे. हे वर्ष मृग नक्षत्राला सुरू होई, कारण सारा वसुलीचा हिशेब पावसावर आणि पिकावर. शिवाजी महाराजांच्या काळातील मराठी कागदांवरसुद्धा हे अरबी आकडे आहेत. कागदाच्या शेवटी 'मोर्तब सुद' असा शिक्का असे, त्यातील मोर्तब हा 'मुरत्तब', म्हणजे तरतीब लावून पुरा केलेला.

महाराजांनी १६७४ साली राज्याभिषेक करून घेतला आणि कारभारातील फारशी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश तयार करविला. त्यात १,३०० हून अधिक शब्द आहेत. मुजुमदाराचा अमात्य झाला, डबीराचा सुमंत झाला, सुरनिसाचा सचिव झाला. एका स्वतंत्र राज्याला आपली भाषा असावी हा त्यामागचा विचार मोठाच होता. पण पदव्या बदलणे जितके सोपे तितके पेटीतले आणि तोंडातले शब्द बदलणे सोपे नसते. पेशवे हेच पाहा. आपल्या शेजारच्या श्रीवर्धनचे भट घराणे, सिद्दीच्या मुलखातले देशमुख. त्यांच्यातले बाळाजी विश्वनाथ १७१३ साली राज्याचे मुख्य प्रधान झाले, आणि सारा महाराष्ट्र त्यांना 'पेशवे' या फारशी शब्दानेच ओळखत राहिला. वसूल, बाकी, जप्ती आणि तगादा हे शब्दही असेच जागच्या जागी राहिले.

आता या शब्दाच्या आयुष्यातला काळा भाग येतो. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि पुढच्याच वर्षी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने जिंकलेल्या मुलखासंबंधी सविस्तर अहवाल लिहिला. त्यात न्यायाची पद्धत सांगताना त्याने तकाजा या रिवाजावर मुद्दाम लिहिले आहे. ज्याचे येणे असेल त्याने कोर्टात जावे असा प्रकार फार थोडा होता. तो स्वतःच तगादा लावी. त्याची सुरुवात विनवणीने, रोज दाराशी जाऊन मागण्याने होई. मग देणेदाराच्या दारात धरणे, त्याला घराबाहेर पडू न देणे, त्याच्या दारी माणूस बसवून जेवण अडविणे, आणि शेवटी भर उन्हात डोक्यावर दगड देऊन एका पायावर उभे करणे, इथवर मजल जाई. सर्वाला एकच नाव, तकाजा! एल्फिन्स्टन परका होता आणि नव्या राज्यकर्त्याच्या नजरेने पाहत होता हे खरे. पण नवलाची गोष्ट ही की त्याने हा रिवाज निव्वळ जुलूम म्हणून झिडकारलेला नाही. त्या काळी पैसे वसूल होण्याचा तोच चालू मार्ग होता, हेही त्याने नोंदले आहे.

सरकारी येण्यासाठी निराळा माणूस होता, त्याला मोहसल म्हणत. ज्याच्याकडे बाकी राही त्याच्या दारी सरकार एक शिपाई आणून बसवी. हा मोहसल बाकी फिटेपर्यंत हलत नसे आणि त्याचा रोजचा भत्ता त्याच देणेदाराने द्यायचा. म्हणजे आधीच देणे, वर मागणाऱ्याला खाऊ घालणे. उशीर जितका जास्त तितके देणे जास्त. माझ्या मामूंनी जो 'नोटिशीचा खर्च' भरला तो या मोहसलाचा लांबचा नातू म्हणावा काय, असे मला वाटून जाते.

पण विद्यार्थ्यांनो, मोहसल या शब्दाकडे जरा निरखून पाहा. हासील करणे म्हणजे मिळविणे. त्यापासून महसूल म्हणजे मिळविलेले उत्पन्न, तहसील म्हणजे ते गोळा करणे आणि जेथे गोळा होते ती जागा, तहसीलदार म्हणजे गोळा करणारा, आणि मोहसल. एका 'हासील'चे हे कुटुंब. २०२४ साली तलाठ्याचे नाव बदलून 'ग्राम महसूल अधिकारी' झाले, तेव्हाही नव्या नावात पाहुणा म्हणून महसूलच आला.

याच्या शेजारी दुसरे कुटुंब राहते, ते तलबचे. तलब म्हणजे मागणे, बोलावणे. मराठीत शिपायाच्या पगारालाही तलब म्हणत, कारण तो त्याचा मागण्याचा हक्क. विडीची तलब आपण जाणतोच. हिंदी-उर्दू मुलखातील कोर्टांत समन्स बजावण्याचा जो खर्च भरावा लागतो त्याला तलबाना म्हणतात. जे मागायचे आहे ते म्हणजे मतलब. तोच पुढे 'अर्थ' झाला. आणि जो इल्म मागतो तो तालिबइल्म, म्हणजे तुम्ही. सरकारचे मागणे आणि विद्यार्थ्याचे मागणे यांना अरबीने एकाच घरात जागा दिली आहे.

तगाद्यासारखाच दिसणारा पण त्याचा कोणी न लागणारा आणखी एक शब्द सांगितला पाहिजे, कारण जुनी मंडळी हे दोन्ही एकत्र करतात. तो म्हणजे तगाई, किंवा तगावी. त्याचे मूळ 'तकावी', कुव्वत या शब्दाच्या घरातला, म्हणजे बळ देणे. बी-बियाणे, बैल, बांधबंदिस्ती यासाठी सरकार शेतकऱ्याला जे कर्ज देई ती तगाई. इंग्रजांनी १८८३ आणि १८८४ साली त्यासाठी दोन कायदे केले. आधी तगाई घरात येई आणि मागाहून तिचा तगादा येई. तेव्हा अडाणी माणसाने दोन्ही शब्द एकच धरले तर त्याला फार दोष देता येणार नाही.

कोकणात सरकार आणि कूळ यांच्यामध्ये खोत असे. सरकारचा तगादा खोताला आणि खोताचा तगादा कुळाला. कुळाच्या हाती बहुधा कागद नसेच. मागणी तोंडी आणि पावतीही तोंडी. चरी गावच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून सहा वर्षे जमिनी न कसता जो संप केला तो याच व्यवस्थेविरुद्ध. नारायण नागू पाटील त्याचे पुढारी होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. ते तेव्हा संमत झाले नाही. खोती रद्द करणारा कायदा १९४९ साली झाला. त्यानंतर मधला माणूस गेला आणि मागणी थेट कागदाने घरी येऊ लागली. ज्यांना वाचता येत होते त्यांच्यासाठी ही फार मोठी सुटका होती. ज्यांना येत नव्हते त्यांना मात्र पुन्हा कोणी तरी मधला माणूस शोधावा लागला.

सध्याचा कायदा म्हणजे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६. तिच्या १७६ व्या कलमात थकबाकी वसूल करण्याचे मार्ग सांगितले आहेत. त्यांत मागणीची लेखी नोटीस आहे, आणि १७८ वे कलम खास तिच्यासाठीच आहे. जप्ती, लिलाव, अटक असे कडक मार्गही त्या यादीत आहेत. 'तगादा' हा शब्द तेथे नाही. मागणी हा घरचा शब्द आणि नोटीस हा इंग्रजी. शेजारी थकबाकी आहे, जिच्यात अर्धा मराठी आणि अर्धा अरबी शब्द, आणि कसूरदार आहे, जो सबंध बाहेरचा. भाषा संचालनालय १९६० मध्ये स्थापन झाले आणि त्याने कारभाराच्या मराठीचे कोश केले. त्यांत पुष्कळ शब्द नवे, संस्कृत घडणीचे आहेत, परंतु महसूल खात्याच्या दारात आले की तेही जुन्या मंडळींना उठवू शकले नाहीत. मला विचाराल तर बरेच झाले. शब्द जुने राहिले म्हणून नानीसारख्यांना निदान कानाने तरी समजतात.

आणि वर जे गळून पडलेले अंग म्हटले ते या नोटिशीने परत आणले आहे. तोंडी तगाद्याला उत्तर देता येत नसे, त्याला फक्त तोंड द्यावे लागे. लेखी कागदावर मात्र रक्कम असते, कोणत्या वर्षाची बाकी ते असते, मुदत असते, सही असते. या चार गोष्टी वाचता आल्या की उत्तर देता येते : भरले असेल तर पावतीची नक्कल जोडून, रक्कम चुकली असेल तर तसे लिहून, माणूस मयत असेल तर वारसाची नोंद मागून. अर्ज दोन प्रतींत करावा आणि एका प्रतीवर पोचेचा शिक्का व तारीख घ्यावी. शिक्का मारायला कोणी टाळाटाळ केली तर स्पीड पोस्टने पाठवावा. मुलांनो, घरी असा कागद आला तर तो तुम्हीच मोठ्याने वाचून दाखवा. अवघड शब्दापाशी थांबू नका, तसाच उच्चारा. घरातले कोणी ना कोणी वडीलधारे त्याचा अर्थ सांगेल.

आमच्या नानीने त्या प्रसंगानंतर पेटीत एक निराळा डबा केला. पावत्या डब्यात आणि आलेले कागद डब्याच्या वर, झाकणाला दोरी बांधून. शिपाई असो की पोस्टमन, कोणताही कागद आला की तो आधी माझ्यापुढे येई आणि ती चुलीपाशी बसून ऐके. मी एस.एस.सी. पास झाल्याचे पत्र शाळेकडून आले तेव्हाही तिने लाकूड पुढे सारता सारता विचारले, "कोणाचा तगादा रे?" मी पत्र वाचून दाखविले. तिने ते हातात घेतले, उलटसुलट करून पाहिले आणि पावत्यांच्या डब्यात ठेवून दिले.